बेड पाच, डी.सी.

घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये म्हशीचं दावं धरून उभ्या असलेल्या बाईचा फोटो आपल्यापैकी कोणाच्या मोबाईलवर आला असेल, तर तो कृपा करून पुढे पाठवू नये. ती बाई मी आहे. फोटोखाली ‘नवीन पशुवैद्य मॅडम रुजू’ असं जे लिहिलंय तेही साफ खोटं आहे. मी माणसांच्या हॉस्पिटलात नर्स आहे. साधी नर्सही नाही, पुरुष वॉर्डाची इन्चार्ज आहे.

आता ही म्हैस आली कुठून? तर ती आली संक्षेपातून. सविस्तरच सांगते, कारण थोडक्यात सांगण्याचा मी धसका घेतलाय.

आमचं हॉस्पिटल नगरला, सावेडीच्या बाजूला. ट्रस्टचं आहे. गुणवत्तेचं सर्टिफिकेट द्यायला एक कमिटी येणार होती, आणि कमिटी येणार म्हटलं की आमच्याकडे लग्नघर होतं. भिंतींना रंग, खिडक्यांना पडदे, जिन्यात कुंड्या. त्या धामधुमीत मला पुण्याला एका प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता, औषधोपचार लिहिताना वापरली जाणारी छोटी अक्षरं आणि त्यातून होणारे घोटाळे. मी गेले ती चहा-बिस्किटांच्या अपेक्षेने, आणि परतले ती भेदरून. वर्षानुवर्षं आम्ही ओ.डी. लिहीत आलो, म्हणजे गोळी दिवसातून एकदा. पण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओ.डी. म्हणजे उजवा डोळा! इन्सुलिनच्या चार युनिटपुढे घाईत यू काढला की तो शून्यासारखा दिसतो, आणि चाराचे चाळीस होतात. आणि सगळ्यात फसवं डी.सी. त्याचा एक अर्थ ‘औषध बंद करा’, दुसरा अर्थ ‘पेशंटला घरी सोडा’. अक्षरं दोनच, पण एकात सुई निघते, दुसऱ्यात पेशंटच निघतो.

हे वाक्य माझं आहे. मी ते पुढे वॉर्डात शिकायला येणाऱ्या विद्यार्थिनींना इतक्या वेळा ऐकवलं की त्या माझ्याआधी पूर्ण करायच्या.

परतल्यावर मला ‘समन्वयक’ केलं आणि बिल्ला दिला. बिल्ला छातीवर लागला की माणसाला वाटतं आपण लोकांना सुधारायला जन्मलो. मी ऑफिसात जाऊन म्हटलं, “वापरू नयेत अशा संक्षिप्त रूपांचा एक फ्लेक्स करायचाय.”

क्लार्क म्हणाला, “प्रस्ताव द्या. फाईल उघडतो.” त्याने फाईल घेतली, विषय लिहायला लागला आणि थांबला. “मॅडम, ‘वापरू नयेत अशी संक्षिप्त रूपे’ हे लांबलचक होतंय. मी ‘वा.न.सं.रू.’ लिहितो.”

मी त्याला समजावलं. त्याने मान हलवली आणि ‘वानसंरू’ लिहिलं. त्यानंतर ती फाईल हॉस्पिटलभर त्याच नावाने फिरली. हिशेब विभागातल्या एकाने तर मला विचारलं, “मॅडम, ते वानराचं काय झालं? पकडलं का?”

फ्लेक्सवाल्याशी मी फोनवर बोलले. मागे बसस्टँड होता, गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी ओरडून सांगितलं, “अक्षरं मोठी घ्या, आणि प्रत्येकावर लाल फुली टाका. लाल फुली!” तो म्हणाला, “टाकतो की मॅडम, एकदम भारी टाकतो.”

फ्लेक्स आला. प्रत्येक अक्षरावर लाल फूल होतं. टवटवीत गुलाबाचं, देठासकट, वर दवबिंदू. डी.सी. सगळ्यात वर असल्यामुळे त्याला सगळ्यात मोठा गुलाब. कोपऱ्यात माझा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘मार्गदर्शक’. फोटो त्याने माझ्या भाच्याच्या साखरपुड्यातून उचलला होता. मी हादरून फोन केला तर म्हणाला, “मॅडम, तुमीच फुलं म्हनलात. मला वाटलं सत्काराचा कार्यक्रम हाय.”

परत छापायचा तर नवीन प्रस्ताव आणि तीन ठिकाणची दरपत्रकं. तोवर विश्वस्तांनी टाळ्यांच्या गजरात त्याचं उद्घाटन करून टाकलं. मी लाल चिकटपट्टीचे तुकडे कापून स्टुलावर चढून फुलांवर फुल्या मारल्या. उन्हाने डिंक सुटला, पंख्याच्या वाऱ्याने एकेक फुली खाली पडली आणि गुलाब पुन्हा उमलले. एक विद्यार्थिनी भक्तिभावाने ती सगळी अक्षरं वहीत उतरवून घेत होती. म्हणाली, “सिस्टर, गुलाबवाली जास्त महत्त्वाची ना?”

घरीही मला साथ नव्हती. आमचे हे, म्हणजे रविराज, पतसंस्थेत आहेत. दुपारी त्यांचा मेसेज यायचा : ‘जे. झा.’ मी बजावलं, घरातसुद्धा पूर्ण लिहायचं, सवय घरापासून लागते. दुसऱ्या दिवशी मेसेज आला : ‘माझे जेवण झाले असून भाजी खारट होती, हे पूर्ण स्वरूपात कळवत आहे.’

आमच्या शेजारी रामहरीभाऊ राहतात. तहसील कचेरीतून निवृत्त झालेत, पण कचेरी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. माझी मोहीम ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “वहिनी, तुम्ही राज्यकारभाराच्या मुळावर उठलात. ‘स.न.वि.वि.’ लिहून पिढ्या जगल्या. आणि हे बघा, जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पण पत्त्यात आपण ‘अ.नगर’ लिहायचो ते आजही लिहितो. एक टिंब इकडचं तिकडं झालं नाही. ही संक्षेपाची ताकद!”

मी त्यांना म्हटलं, “रामहरीभाऊ, तुमच्या टिंबाने माणूस मरत नाही.” ते म्हणाले, “सातबाऱ्यावरच्या टिंबाने मरतो.” वाद तिथेच राहिला.

वॉर्डात मात्र मी कोणाची गय करत नव्हते. सगळ्यात जास्त बोलणी खायची मोनिका. शेवगावची मुलगी, नोकरीला नवी, कामाला चोख, आवाज इतका बारीक की सलाईन थेंब थेंब पडतानाचा तरी मोठा वाटावा. तिने कुठे बी.डी. लिहिलं की मी चारचौघांत म्हणायचे, “विडी? आपण पेशंटला विडी देतो?” सगळे हसायचे. मोनिका मान खाली घालून ‘दिवसातून दोनदा’ लिहायची. मला तेव्हा वाटायचं, मी तिला घडवतेय.

आता पाच नंबरकडे येते.

पाच नंबरच्या बेडवर पुंजाराम होते. घोडेगावच्या जवळच्याच वस्तीवरचे. शेती होतीच, पण जीव सगळा जनावरांच्या व्यवहारात. त्यांच्या पायात खिळा गेला, अंगात शुगर, त्यांनी हळद भरून चालू ठेवलं आणि पाय घोट्यापर्यंत सुजून आमच्याकडे आला. शिरेतून इंजेक्शनं चालू होती. उशाशी बायको छबूबाई. पुंजाराम रोज राउंडला डॉक्टरांना एकच विचारायचे, “बाजाराच्या आत सोडताय ना?”

त्या दिवशी नेमका घोडेगावचा बाजार होता. सकाळच्या राउंडला आमच्या डॉक्टर धनश्री मॅडमनी त्यांचा पाय पाहिला. मला म्हणाल्या, “यांचं सलाईन आता बंद करा. इंजेक्शनं मात्र चालूच ठेवायची, लाली अजून उतरलेली नाही. संध्याकाळी मी पुन्हा बघते.” एवढं बोलून त्या ऑपरेशनला गेल्या.

मला ऑफिसात मीटिंग होती. वानसंरूची. आधीच उशीर झाला होता, क्लार्कचे दोन फोन येऊन गेले होते. नर्सेसच्या टेबलामागे आमचा पांढरा फळा आहे, पाळीवरच्या मुलींसाठी त्यावर सूचना लिहितो. मी मार्कर उचलला, चालता चालता लिहिलं, ‘बेड पाच, डी.सी.’ आणि पळाले.

खरं सांगते, माझ्या हाताने काय लिहिलं ते माझ्या डोक्याला कळलंच नाही. हात वीस वर्षं जुना होता, बिल्ला नवा होता.

मीटिंगमध्ये मी डी.सी. वरच बोलत असताना मोबाईल थरथरला. मोनिकाचा मेसेज : ‘सिस्टर, बेड पाच डी.सी. करायचं ना नक्की?’ मला राग आला. एक सलाईन बंद करायला ही मुलगी दहादा विचारते! मी वर न बघता अंगठा पाठवला.

वॉर्डात परतले तेव्हा पाच नंबरवर नवी चादर घातलेली होती.

“पुंजाराम कुठेत?”

“गेले सिस्टर,” मोनिका म्हणाली. तिचा चेहरा आधीच उतरला होता. “मी म्हटलं थांबा, सुई काढते, कागद तयार करते. ट्रे आणायला वळले तेवढ्यात दोघं गेले. सुई हातातच आहे.”

“गेले? कुठे गेले? सोडलं कोणी?”

आणि मग मी सुरू झाले. टेबलाला पाठ करून, सगळ्या वॉर्डासमोर. “पाय लाल आहे दिसत नाही? इंजेक्शनं कोण घेणार, चादर? डोकं ठिकाणावर आहे का? इतके दिवस मी काय शिकवतेय?” बोलता बोलता माझ्या लक्षात यायला लागलं की कोणीच माझ्याकडे बघत नाहीये. मावशी, दोन विद्यार्थिनी, तीन नंबरचा प्लॅस्टरवाला, सगळे माझ्या खांद्यावरून मागे बघत होते.

मी वळले. फळ्यावर माझं वळणदार अक्षर होतं. शाळेत मला हस्ताक्षराचं बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे ते दुसऱ्या कोणाचं आहे असं म्हणायचीही सोय नव्हती.

या क्षणी चांगल्या माणसाने काय केलं असतं ते मला माहीत आहे. मी काय केलं ते सांगते. मी खिशातला रुमाल काढला आणि फळा पुसला. सगळ्यांच्या देखत. मग कोरड्या आवाजात म्हणाले, “बघते मी आता काय करायचं ते.”

धनश्री मॅडम ऑपरेशनला होत्या. त्यांना आत निरोप देता आला असता. पण मी मनाशी म्हटलं, कशाला त्यांना व्यत्यय? संध्याकाळच्या राउंडच्या आत पाच नंबर पाच नंबरवर दिसला की झालं. छबूबाईंना फोन लावला. खूप वेळाने उचलला. पलीकडून हंबरण्याचा आवाज आला आणि छबूबाई ओरडल्या, “हालो! आमी बाजारात हाय! रेंज न्हाई!” फोन बंद.

मी ह्यांना पतसंस्थेतून बोलावलं. गाडीत मागच्या सीटवर रामहरीभाऊ बसलेले. “बाजार समितीत माझी ओळख आहे,” ते म्हणाले. “तुम्ही काळजी करू नका वहिनी.” त्याच क्षणी मला काळजी वाटू लागली.

बाजाराच्या गेटवर एकाने गाडी अडवली. “जनावर हाय का?”

“नाही, पेशंट आहे,” मी म्हटलं.

त्याने गाडीत वाकून ह्यांच्याकडे आणि रामहरीभाऊंकडे नीट बघितलं. “दोन्ही?”

“पेशंट आत आहे! तो आम्हाला न्यायचाय.”

“आतून काय बी न्यायचं तर पावती लागंल,” तो म्हणाला. “म्हैस का गाय?”

शेवटी आम्ही गाडी बाहेर ठेवून चालत आत शिरलो. तिथे एवढी जनावरं आणि एवढी माणसं की पुंजाराम शोधणं म्हणजे कडब्यात सुई, आणि इथे तर खरोखरच सुई माणसाच्या हातात! रामहरीभाऊ म्हणाले, “थांबा, माईकवरून पुकारा करू.” खिशातलं पेन काढून त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि माईकवाल्याकडे दिली. मी वाचली नाही. मला वाटलं, निवृत्त अव्वल कारकून आहे, एक चिठ्ठी तरी धड लिहील.

थोड्याच वेळात सबंध बाजारावर आवाज घुमला. “पेंडवाले पुंजाराम! पेंडवाले पुंजाराम, कुठं असाल तिथून इंजिन घेऊन ऑफिसपाशी यावं! सिन्नरच्या राजेश्वरीबाई वाट बघत्यात!”

राजेश्वरी मीच, पण सिन्नरशी माझा काही संबंध नाही. मी रामहरीभाऊंकडे बघितलं. “काय लिहिलं होतं तुम्ही?”

“पे. म्हणजे पेशंट. इं. म्हणजे इंजेक्शन. सि. म्हणजे सिस्टर,” ते म्हणाले. “सरळ तर आहे.”

पुंजाराम आले नाहीत. पेंड घ्यायला मात्र दहाबारा शेतकरी आले. सरकीची आहे का, पोतं कितीला, गावात पोच देता का? माझ्या पांढऱ्या युनिफॉर्मकडे बघून त्यातल्या एकाने ठरवलं की मी सरकारी जनावरांची डॉक्टर आहे. “बाई, माजी गाय दोन दिस झालं रवंथ करीना. जरा बघताव का?” मी नाही म्हटलं तर म्हणाला, “सरकारी हाय म्हनून न्हाई म्हन्ता व्हय?” त्याच्यामागे आणखी दोघं आपली कालवडं घेऊन उभे राहिले. हे पुढे होऊन सांगू लागले, “त्या माणसांच्या आहेत.” हे वाक्य फारसं उपयोगी पडलं नाही.

पुंजाराम दिसले ते पार टोकाला, लिंबाखाली. एक पाय बॅन्डेजचा, चप्पल एकाच पायात. समोर एक गिऱ्हाईक, मध्ये वस्तीवरून टेम्पोने आणवलेली त्यांची तकतकीत काळी म्हैस, आणि दोघांचे हात उपरण्याखाली. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून सांगतात. तेवढ्यात गिऱ्हाइकाने विंचू चावल्यासारखा हात बाहेर काढला.

“आरं, ह्यो कंचा आकडा?”

पुंजारामांनी हात वर केला. मनगटापाशी आमची सुई, चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचं निळं टोपण.

“आकडा न्हाई त्यो,” पुंजाराम म्हणाले. “दवाखान्याचा हाय. तू फुडं बोल.”

मी धावतच गेले. “पुंजारामकाका, चला. तुम्हाला परत यायचंय.”

“परत? बाई, तुमीच तर सोडलं. डिसचार्ज झाला म्हनल्या त्या बारक्या बाई.”

“थोडा गैरसमज झाला.”

“कुनाचा?” छबूबाईंनी विचारलं. म्हशीचं दावं त्यांच्या हातात होतं. त्यांचा काही आरोप नव्हता, त्या फक्त विचारत होत्या.

“हॉस्पिटलचा,” मी म्हटलं. हॉस्पिटल हा मोठा सोयीचा शब्द आहे. त्यात चारशे माणसं मावतात, एकटीला उभं राहावं लागत नाही.

पुंजाराम सौदा पुरा झाल्याशिवाय हलायला तयार नव्हते. मग गिऱ्हाईक म्हणालं, ऑफिसात जाऊन कागद करू. पुंजाराम लंगडत त्याच्याबरोबर निघाले, ह्यांनी त्यांना एका बाजूने धरलं. छबूबाई म्हणाल्या, “मी टेम्पोवाल्याला सांगून येते. बाई, हे धरा जरा,” आणि दावं माझ्या हातात देऊन गेल्या. रामहरीभाऊ सावलीत जाऊन बसले होते.

तर असा तो फोटो. म्हशीने एकदा माझा बिल्ला हुंगला आणि मान फिरवली. तीन जण येऊन विचारून गेले, “बाई, कितव्या येताची?” म्हणजे कितव्यांदा व्यालेली. मला उत्तर माहीत नव्हतं. चौथ्याने काही न विचारता मोबाईल काढला.

परतीच्या वाटेवर गाडीत आधी हसणं चाललं होतं. पुंजाराम खुशीत होते, रामहरीभाऊ त्यांना जुन्या बाजाराच्या गोष्टी विचारत होते. मग पुंजाराम बोलायचे थांबले. मी मागे वळून पाहिलं. ते उपरणं अंगाभोवती घट्ट लपेटून बसले होते, भर उन्हात. दात वाजत होते. मी हात लावला. अंग तव्यासारखं. पायाचं बॅन्डेज चिखलाने काळं आणि मधे ओलं झालं होतं.

“काय न्हाई बाई,” छबूबाई मला म्हणाल्या, “दमले असत्याल.” धीर मी त्यांना द्यायचा, तर त्या मला देत होत्या.

दुपारचं इंजेक्शन चुकलं होतं. पाय सबंध बाजार तुडवून आला होता. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि गाडी जोरात घेतली. मी मोजून सगळ्या देवांना नवस बोलले, शनीचा फाटा मागे गेला तेव्हा शनीलाही. आणि गाडीत बसूनच मी धनश्री मॅडमना फोन केला. एवढंच म्हणाले, “पाच नंबर बाहेर गेले होते, ताप आहे, घेऊन येतेय.” कसे गेले ते सांगितलं नाही.

मॅडम वॉर्डाच्या दारातच उभ्या होत्या. स्ट्रेचर तयार होतं. त्यांनी पाय उघडून पाहिला. इंजेक्शन दिलं, रक्त घेतलं, जखम पुन्हा उघडून साफ करावी लागणार असं ठरलं. मग हात पुसता पुसता त्या म्हणाल्या, “माझ्या सांगण्याशिवाय यांना सोडलं कोणी?”

“मी, मॅडम,” मोनिका म्हणाली.

एवढंच. फळ्याचं नाव नाही, अंगठ्याचं नाव नाही. तिच्या खिशातल्या मोबाईलमध्ये माझा तो पिवळा अंगठा होता. तिने हातसुद्धा खिशाकडे नेला नाही. आणि मी गप्प उभी राहिले. किती वेळ ते सांगू शकत नाही, पण छबूबाईंना बोलायला पुरला इतका.

“त्या पोरीला बोलू नका बाई,” छबूबाई मॅडमना म्हणाल्या, “आमीच पळालो. आन ह्या थोरल्या बाई बघा, लई देवमानूस! सोता बाजारात आल्या. आमची म्हस धरून हुब्या ऱ्हायल्या उन्हात. असं कोन करतं?”

कोणीतरी टाळी वाजवली. मला वाटतं, तीन नंबरचा प्लॅस्टरवालाच होता. मी फळा पुसला तेव्हा त्याने सगळं पाहिलं होतं, पण त्याला वाटलं असेल की आता गोड शेवट झाला. मग विद्यार्थिनींनी वाजवली. मॅडमचा चेहराही जरा सैलावला. “राजेश्वरी, तू स्वतः गेलीस?” त्या म्हणाल्या. “शाबास.”

माझ्या आयुष्यात मला शाबासकी फार वेळा मिळालेली नाही. मिळाली तेव्हा मी ती पटकन पदरात पाडून घेतलीय. ही मात्र घेता येईना. मोनिका जमिनीकडे बघत होती आणि छबूबाई माझ्याकडे कौतुकाने.

“मॅडम,” मी म्हणाले, “फळ्यावर मी लिहिलं होतं. डी.सी. हिने विचारलं, तर मी हो म्हटलं. नंतर मीच फळा पुसला.”

टाळ्या थांबायला जरा वेळ लागला, कारण मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं. मला पुन्हा सांगावं लागलं. मोठ्याने. दुसऱ्यांदा सांगणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड असतं.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. नंतर भिंतीवरच्या फ्लेक्सकडे, जिथे मी हात जोडून हसत होते. “लेखी दे,” त्या म्हणाल्या, “सगळं. आणि आधी यांच्या सुईची जागा बदल, ती सुजलीय.” बस्स. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, मला निदान रडता आलं असतं.

छबूबाईंना काय कळलं कोण जाणे. त्यांनी मला ‘देवमानूस’ म्हणणं बंद केलं. तक्रार नाही केली, भांडल्या नाहीत. फक्त त्यानंतर पाणी हवं असेल तर त्या मोनिकाला हाक मारू लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी मोनिकाला औषधांच्या खोलीत गाठलं. क्षमा मागायची तर एकांतात बरी, असा माझा हिशेब. तिने ऐकून घेतलं, औषधाच्या बाटल्या लावत राहिली आणि म्हणाली, “सिस्टर, बोललात सगळ्यांसमोर. हे पण सगळ्यांसमोर बोलाल का?” तोच बारीक आवाज. मी वॉर्डात येऊन बोलले. बोलताना मावशींनी फरशी पुसायचं थांबवलं होतं. माझं झाल्यावर मोनिका म्हणाली, “तुम्ही रागावलात त्याचं मला काही वाटलं नव्हतं. फळा पुसलात ना, त्याचं वाटलं.” मी मान हलवली आणि बिल्ला काढून ड्रॉवरमध्ये टाकला.

पुंजारामांची जखम पुन्हा उघडावी लागली. ते भुलीच्या आधी म्हणाले, “म्हस चांगल्या भावात गेली, आता काय बी करा.” बरेच दिवस राहिले. पाय वाचला. तो वाचला म्हणून मी ही गोष्ट हसून सांगू शकतेय, नाहीतर सांगितलीच नसती.

त्यांना सोडायचा दिवस आला, तेव्हा धनश्री मॅडमनी मला सांगितलं. मी पाच नंबरपाशी गेले. “पुंजारामकाका, आज तुम्हाला घरी जायचंय.”

पुंजाराम पिशवी भरून बसले होते, पण उठले नाहीत. छबूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. जरा ओशाळून म्हणाले, “राग मानू नका बाई. त्या बारक्या बाईंनी सांगितलं की जातो.”

मोनिका आली. तिने माझ्याकडे पाहिलं. “मॅडमनी तोंडाने सांगितलंय?”

“सांगितलंय.”

“काय सांगितलंय, सिस्टर?”

वॉर्डात सगळे ऐकत होते. वीस वर्षांची नोकरी असलेली मी, हात मागे बांधून, परीक्षेला उभ्या राहिलेल्या मुलीसारखी म्हणाले, “बेड नंबर पाच, पुंजाराम. यांना आज घरी सोडायचं आहे. हातातली सुई आधी काढायची. गोळ्या सकाळ-संध्याकाळ, जेवल्यावर. ड्रेसिंगला परवा यायचं.”

“बरं,” मोनिका म्हणाली, आणि ट्रे आणायला गेली. पुंजाराम तिच्याकडे बघत, हात पुढे करून, तसेच बसून राहिले.